सराईवाल्याचा वारस

आमच्या पहिल्या अमेरिकन घरमालकांनी आमचं नाव विचारायच्या आधी आम्हाला खुर्ची दाखवली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ओहायोत कोलंबसजवळ इंजिनिअरची नोकरी लागलेली, आणि आम्ही दोघं डब्लिन नावाच्या गावात भाड्याची जागा बघत हिंडत होतो. एका जुन्या दगडी घराची बेल वाजवली. दारात उंच, जरासा वाकलेला म्हातारा. कोण, कुठले, कशाला आलात, काही नाही. "बसा," म्हणाला. बसलो. मग सूप आलं. ते संपेपर्यंत त्याने जागेचा विषयच काढू दिला नाही. सुपात काय काय पडलंय ते विचारायची आमची हिंमत होईना, आणि ह्यांनी तर डोळे मिटून औषध घेतल्यासारखं ते संपवलं.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "अगं, माणूस जरा क्रेझी वाटतो. लीज साइन करायच्या आधी विचार करू या."

मी म्हटलं, "बाकीच्यांनी आपल्याशी दारातच बोलून दार लावलं. ह्याने आधी खायला घातलं. क्रेझी असला तर असू दे."

तर अशा रीतीने आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला गेलो. मी त्यांना आजोबा म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मुलं झाली नाहीत तरी नातवंडं होऊ शकतात, हे मला माहीत नव्हतं." ते अर्थातच इंग्रजीत बोलत. मी माझ्या मराठीत सांगतेय, कारण माझ्या डोक्यात ते आता मराठीतच बोलतात.

त्या घरात माणूस एक आणि खुर्च्या पंगतीला पुरतील एवढ्या. पडवीत खुर्च्या, जिन्याखाली खुर्च्या, टपालाच्या पेटीशेजारी पोस्टमनसाठी एक स्टूल. माझ्याकडे कुणी आलं की मी "या, बसा" म्हणते हे त्यांनी ऐकलं आणि "बसा" एवढा एक मराठी शब्द उचलला. मग काय, पोस्टमनला बसा, मीटरवाल्याला बसा, धर्माची पत्रकं वाटत दारोदार फिरणाऱ्या पोरांना बसा. ती पोरं एकदा सूप पिऊन, पत्रकं तशीच बगलेत धरून परत गेली. पोस्टमनला वाटायचं की हा काहीतरी जुना इंग्रजी शब्द असणार. तोही आत येताना "बसा" म्हणत टोपी काढायचा.

आमच्या तिथल्या मराठी मंडळातली माणसं एकदा गणपतीच्या मीटिंगला आमच्याकडे जमली, तर आजोबांनी सगळ्यांना खाली अडवून बसवलं. नागपूरच्या एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आमच्याकडच्यासारखंच झालं." एक पीएचडीचा मुलगा माझ्या कानात, "वहिनी, यार, इथे अजून एखादी रूम मिळेल का?" लहान मुलं मात्र सूप पुढे आलं की "नो थँक यू" म्हणायची. आजोबा त्यांच्यापुढे वाटी ठेवत आणि शांतपणे सांगत, "आमच्या घराण्यात नो थँक यू ऐकू येत नाही."

हे "आमचं घराणं" दिवसातून कितीदा तरी यायचं. संध्याकाळ झाली की ते पडवीत कंदील लावत. कंदील जुना, आत विजेचा दिवा. "आमच्या घराण्यात दिवा लावायला उशीर झाला तर वाटसरू चुकतो." समोरच्या रस्त्यावरून लोक भन्नाट गाड्या हाकत आपापल्या घरी जात होते. त्यांतला कुणी वाट चुकण्याची सुतराम शक्यता नव्हती. पण दिवा लागायचा. जेवायच्या वेळी पितळी घंटा वाजायची, जेवणारे एकटे आजोबा असले तरी.

हे घराणं कुठलं, ते मला हळूहळू कळलं. आजोबांनी सगळं आयुष्य पाण्याचे मीटर वाचण्याच्या नोकरीत घालवलं होतं. लोकांच्या तळघरात उतरायचं, आकडे टिपायचे, वर यायचं. एकदा ते म्हणाले, "लोक मला तळघराचा जिना दाखवत. वाईट वागत नसत. पण थंडीत हात गारठलेले असायचे, स्वयंपाकघरात कॉफीचा वास यायचा, आणि बस म्हणून कुणी म्हणायचं नाही. ज्यांनी म्हटलं, ती माणसं मला अजून नावानिशी आठवतात, इतकी थोडी होती." ह्यात तक्रार नव्हती. उद्या पाऊस आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

आणि त्यांचे वडील लहानपणी त्यांना सांगायचे की आपण मूळचे सराईवाले. इंग्लंडमध्ये कुठल्याशा चार रस्त्यांच्या गावात आपल्या पूर्वजाची सराई होती, पाटीवर तीन बदकं रंगवलेली होती. रात्री-अपरात्री कुणी आलं तरी त्याला तो जागा देई, शेगडीजवळ बसवी. त्याचा मुलगा तरणाताठा असताना अमेरिकेत आला, ओहायोत शेती करू लागला, तो आजोबांच्या आजोबांचा बाप. त्याने सोबत आणलेल्या सामानापैकी एक कथलाचा पेला तेवढा उरला होता. आजोबा तो रोज पुसत, त्यातून कधी काही पीत मात्र नसत.

बायको गेल्यावर आणि नोकरी सुटल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. तो सराईवाला शोधायचा, ती सराई शोधायची. इंग्लंडच्या नकाशात जिथे जिथे चार रस्ते भेटत तिथल्या चर्चच्या पाद्र्याला ते पत्र लिहीत आणि उत्तरासाठी टपालाचं कूपन जोडत. दर आठवड्याला कोलंबसच्या लायब्ररीत जाऊन चर्चच्या जुन्या नोंदींच्या फिल्म बघत. हँडल फिरवलं की पडद्यावर पानं सरकायची, आणि अक्षर असं की कोंबडीने पाय ओढलेत की काय. मला व्हिसामुळे नोकरी करायला बंदी, दिवसभर घरात बसून कंटाळा यायचा, डोळे तरुण. म्हणून ते मला सोबत नेत. आपलं आडनाव असलेला कुणी सापडला की आजोबा उठून हॅट काढत. पुढचं पान वाचल्यावर तो आपला नव्हे, कुठला तरी घोडेचोर निघाला असं कळलं की हॅट परत घालत. लायब्ररीतल्या बाईंनी हे सगळं बघून आमच्यासाठी कोपऱ्यातलं मशीन राखून ठेवलं होतं.

एकदा लायब्ररीतून परतताना त्यांनी विचारलं, "तुमच्या घराण्याचा धंदा काय?"

मंडळातल्या लोकांना मी सांगायची, वडिलांचा बिझनेस आहे. आजोबांना मात्र सरळ सांगितलं, "खानावळ." मिरजेला एस.टी. स्टँडसमोर आमची खानावळ. मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक आमच्याकडे जेवतात, वरच्या खोल्यांत झोपतात. ज्याचा पेशंट गेला त्याला वडील मऊ भात वाढायचे आणि त्याच्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलायचे.

आजोबांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि हॅट काढली. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच," म्हणाले.

तेव्हापासून माझी बढती झाली. सराईच्या बाबतीत काही अडलं की मला विचारायचे. मुक्काम ठोकून हलतच नाही असं गिऱ्हाईक असेल तर काय करायचं? मी म्हटलं, त्याची आमटी रोज थोडी थोडी पातळ करायची. भांडखोर असेल तर? त्याला वाढप्याच्या जवळ बसवायचं, तोंड भरलेलं राहतं. आजोबा मान डोलवत, "आमच्या घराण्यातही असंच असणार." मला हसू यायचं, पण खरं सांगते, बरंही वाटायचं. त्या देशात आल्यापासून मला येणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेले की ते हातातलं काम टाकून "बसा" म्हणत आणि मला खुर्चीत बसवूनच सोडत. मला भांड्याला हात लावू देत नसत. एके दिवशी मी वैतागले. म्हटलं, "आजोबा, मला रोज उठून बसा म्हणू नका. परकं वाटतं. आमच्या खानावळीत बसा फक्त गिऱ्हाइकाला म्हणतात. गिऱ्हाईक पुढच्या दाराने येतं. घरचं माणूस मागच्या दाराने येतं आणि ते आलं की कुणी त्याला बसा म्हणत नाही, त्याच्या हातात ताटं देतात. घरचे सगळ्यात शेवटी जेवतात, तेही पुष्कळदा उभ्यानेच."

आजोबांनी हातातली पळी खाली ठेवली. "मागच्या दाराने," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, आता मला बटाटे सोलायला देतील. कसलं काय. म्हणाले, "तुम्ही भाडं देता. भाडं देणाऱ्या पाहुण्याला काम सांगितलं तर आमच्या घराण्याला काय वाटेल? बसा." कपाळाला हात लावून मी बसले. पण त्या दिवसापासून त्यांचा बेत ठरला. सराई सापडली की इंग्लंडला जायचं, आणि पुढच्या दाराने गिऱ्हाईक म्हणून नाही जायचं. मागच्या दाराने जायचं. घरचं माणूस म्हणून. हा बेत ते पोस्टमनला सांगत, मंडळातल्या काकूंना सांगत, फोनवर चुकून लागलेल्या माणसालाही त्यांनी एकदा सांगितला.

पितृपंधरवड्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझे सासरे आम्ही अमेरिकेला यायच्या आधीच्या वर्षी गेले होते. सासूबाईंनी सगळा विधी कागदावर लिहून पाठवला होता. आमच्या ह्यांनी मागच्या हिरवळीवर पाट मांडला, मी खीर आणि वडे केले, आणि केळीचं पान कुठून आणणार म्हणून कागदी प्लेटमध्ये कावळ्यासाठी वाढून ठेवलं. कावळा काही येईना. एक खार येऊन वडा घेऊन गेली. हे तिला हाकलायला उठणार तेवढ्यात आजोबा बाहेर आले.

"कोण येणार आहे?" त्यांनी विचारलं.

"माझे वडील," हे म्हणाले. "आय मीन, ते वारले आहेत. पण आज जेवायला येतात."

आजोबा आत गेले आणि एक चांगली हातांची खुर्ची घेऊन आले. ती त्यांनी कागदी प्लेटच्या शेजारी हिरवळीवर नीट, डुगणार नाही अशी ठेवली. आमचे हे एरवी कशाने हलत नाहीत, पण त्या रिकाम्या खुर्चीला त्यांनी वाकून नमस्कार केला. थोड्या वेळाने कावळाही आला, आणि आधी खुर्चीच्या पाठीवर बसला.

नंतर ह्यांनी हातावर पाणी घेऊन बाप, आजोबा, पणजोबा अशी नावं म्हटली, गोत्रासकट. आजोबा ऐकतच राहिले. "हे तुम्हाला पाठ आहे? मी इतकी वर्षं फिल्म बघतोय, आणि तुम्ही एका दमात तीन पिढ्या मोकळ्या केल्यात?" मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, त्या सराईवाल्याच्या नावानेही थोडं पाणी सोडता येईल का.

हे इंजिनिअर. त्यांना अडचण पडली ती तांत्रिक. "गोत्र काय म्हणू?"

मी सांगितलं की आमच्या खानावळीत जेवायला येणारे गुरुजी म्हणायचे, गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं. त्यामुळे त्या दुपारी ओहायोत, एक इंग्रज सराईवाला काश्यप गोत्री झाला. आजोबांना ते इतकं आवडलं की त्यांनी पुढे एका पाद्र्याला पत्रात तसं कळवलंसुद्धा. त्या पाद्र्याचं उत्तर कधी आलं नाही.

पण दुसऱ्या एका गावाहून आलं. तीन बदकांची पाटी असलेली सराई अजून उभी आहे, पूर्वी ती त्याच आडनावाच्या माणसाची होती, आणि आजही त्याच कुटुंबातली बाई ती चालवते. आता तिथे लोक मुक्कामाला नाही, दुपारचं जेवायला येतात. आजोबांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि माझं वाचून होईपर्यंत हॅट हातात धरून उभे राहिले. उन्हाळ्याचं तिकीट ह्यांनीच ट्रॅव्हल एजंटकडून काढून दिलं. त्या सराईच्या गावातल्या एक निवृत्त शाळामास्तरीणबाई फोन करून जुन्या गोष्टी सांगणार होत्या, तोही दिवस ठरला.

त्या दिवशी आजोबांनी फोनसाठी टाय लावला. दाढी करून, केस चोपून, स्वयंपाकघरातल्या फोनशेजारी उभे. फोनपुढे बाईंसाठी खुर्ची मात्र ठेवली नव्हती, एवढंच. मला म्हणाले, थांबा, साक्षीला कुणीतरी हवं. फोन आला. बाईंचा आवाज वर्गात शिकवणाऱ्याचा, खणखणीत, मला पलीकडून स्पष्ट ऐकू येत होता. त्या हौसेने सांगत होत्या. सराईवाला भला माणूस. त्याला मुलीच. हो, एक मुलगा अमेरिकेला गेला, पण तो त्याचा नव्हे. ती गोष्ट गावात अजून सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत एक जोडपं मुक्कामाला आलं, आणि पहाटे उठून निघून गेलं ते तान्हं मूल पलंगावर ठेवूनच. सराईवाल्याने ते वाढवलं, आपलं नाव दिलं. किती गोड गोष्ट आहे ना, असं त्या म्हणाल्या.

"हो," आजोबा म्हणाले. "आभारी आहे." त्यांनी फोन ठेवला, टाय सोडला आणि त्याची घडी करत राहिले. मग मला म्हणाले, "मी त्यांचा कुणी नाही."

त्या संध्याकाळी दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेक करून सगळ्या खुर्च्या तळघरात नेल्या. कथलाचा पेला खोक्यात गेला. ह्यांना बोलावून म्हणाले, तिकीट कॅन्सल करून टाका. पोस्टमन टपाल हातात घेऊन दारात घुटमळला आणि मला विचारून गेला, "आज बसा नाही?" घंटा वाजेना. मला वर जेवण जाईना. एक माणूस खाली एकटा बसलाय आणि न वाजणारी घंटा आपल्याला ऐकू येतेय, असं व्हायला लागलं. आठवडाभर मी कळ काढली. मग मागच्या दाराने आत गेले.

आजोबा टेबलाशी बसले होते. मला बघून नुसती मान हलवली. म्हणाले, "विचार केला तर गंमतच आहे. मी सराईवाल्यांचा नाही. मूल टाकून पळून गेलेल्या गिऱ्हाइकांचा मी वंशज. त्या भल्या माणसाने दया केली, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्याचं नाव लावून मिरवतोय. उगाच."

हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं झाली, पण तो राग मला अजून आठवतो.

"माझे वडील दत्तक आहेत," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं.

"खानावळ आक्काची. आक्का म्हणजे विधवा बाई, नवरा तरणाच गेला, मूल नाही. जतकडच्या एका गरीब घरातून तिने माझ्या वडिलांना दत्तक घेतलं. आमच्याकडे विधी असतो. बाप मुलाचा हात देतो, आणि घेणारी आई त्याला मांडीवर घेते. मांडीवर घेतला की तो तिचा. त्याचं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, पूर्वज बदलतात. पितृपंधरवड्यात माझे वडील आक्काच्या नवऱ्याला जेवायला बोलावतात. त्याला त्यांनी कधी पाहिलेलं नाही, फोटोसुद्धा नाही. आणि त्यांना कुणी विचारलं, खानावळ कुणाची, तर म्हणतात, माझ्या वडिलांची. ती काय दया झाली? आता मला सांगा, मी त्या खानावळीची आहे की नाही? की माझ्यापुढे हॅट काढलीत ती उगाच?"

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही आहातच."

"मग?"

ते हळूच म्हणाले, "पण तुमच्याकडे विधी झाला. मांडीवर घेतलं. माझ्या त्या पोराला असं कुणी घेतलं असेल की नाही, ते मला कसं कळणार?"

मी म्हटलं, "आजोबा, सराईत वाढलेलं पोर ते. ज्या दिवशी त्याला पहिल्यांदा कुणी म्हणालं असेल की अरे, ही ताटं उचल, त्या दिवशी झाला विधी."

एवढं बोलून मी तरातरा वर निघून आले आणि रडले. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. वडिलांची आठवण आली, हे खरंच. संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर कंदील लागला होता.

खुर्च्या मात्र तळघरातच राहिल्या. जायचं की नाही हे ते बोलेनात, मीही विचारेना. शेवटी त्यांनी ह्यांना चाचरत विचारलं की कॅन्सल केलेलं तिकीट पुन्हा मिळतं का. तर हे एजंटला फोन करायचाच विसरले होते. आमच्या संसारात ह्यांच्या विसरण्याचा तेवढा एकच उपयोग झालेला आहे. आजोबा इंग्लंडला गेले. जाताना खोक्यातला पेला कोटाच्या खिशात घातला, तो खिसा फुगलेलाच राहिला.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी घंटा वाजली. मी मागच्या दाराने खाली गेले. ते सिंकपाशी उभं राहून भांडी धूत होते, पाठमोरेच, आणि तसेच बोलायला लागले.

"पुढच्या दारापर्यंत गेलो. पाटीवर बदकं आहेत, तीनच. आत गर्दी, प्रवाशांची बस आलेली. वाटलं, सरळ आत जाऊन गिऱ्हाइकासारखं जेवावं आणि निघावं. पण तुमची भीती वाटली. तुम्ही विचारलं असतंत. मग वळसा घालून मागे गेलो. मागे पिंपं, कोबीचा कचरा, एक मांजर. दार उघडंच होतं. आत एक जाडजूड बाई, बाह्या वर केलेल्या, घामाघूम. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'किती उशीर.' आणि माझ्या हातात ताटांची चवड दिली."

मी हसायला लागले.

"बदली माणूस येणार होता म्हणे कुणी. तिला वाटलं, तोच मी. मी काय सांगणार? ताटं गरम होती. मी ती बाहेर नेली. परत आलो तर आणखी दिली. मग धुवायला लावलं. दोन-अडीच तास मी त्या घरात नुसता पळत होतो. गर्दी ओसरल्यावर तिने पाव आणि चीज कापून दिलं. तिने उभ्याने खाल्लं, मीही उभ्याने खाल्लं. मग तिने नाव विचारलं. मी सांगितलं. ते मूल, तो पलंग, सगळं सांगितलं. पेला दाखवला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि फळीवर तसेच दोन होते त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, 'असं होय. मग उद्या जरा लवकर या.'"

त्यांनी नळ बंद केला. "मी रोज गेलो. निघायच्या दिवसापर्यंत. पेला तिथेच ठेवून आलो." मग ते माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. "एकदाही," ते म्हणाले, "एकदाही कुणी मला बसा म्हणालं नाही."

आजोबांनी नाक पुसलं, इकडेतिकडे बघितलं, आणि जणू रोजचंच असावं तसं खुंटीवरचं फडकं काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि ओल्या ताटांची चवड माझ्या हातात दिली. मी ती पुसायला लागले. पुसता पुसता मला रडू फुटलं. त्यांनी ते पाहिलं, पण ताटं काढून घेतली नाहीत.